बाटलीत नसलेली चिठ्ठी

माझ्या नावाआधी लागणारं ‘डॉक्टर’ हे एका माणसाला खाली मान घालायला लावून मिळवलेलं आहे, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, ज्यांनी ती पदवी दिली त्यांना तर नाहीच. आज मी, जिथे हे घडलं, त्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख आहे. वय बावन्न. बोलायचं ते वेळेवर न बोलण्याची माझी सवय जुनी आहे. लोक तिला शांत स्वभाव म्हणतात. तो माणूस गेल्या उन्हाळ्यात गेला. आता तरी लिहितो.

आम्ही सगळे त्यांना बाटलीमामा म्हणायचो. आमच्या प्रयोगशाळेचे ते शिपाई. उंच, काटक, कानात बाळी, आणि दोन्ही हातांच्या बोटांना नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास कायमचा चिकटलेला. ओढ्यात उतरले की ते आधी डोळे मिटायचे. पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, एक हात पाण्याखाली, आणि पाणकणसाच्या दांड्यावरून अंगठा हळूहळू वरून खाली. चेहऱ्यावर असा भाव की पलीकडून कुणीतरी बारीक आवाजात बोलतंय आणि ते ऐकू यायला हवं. मग डोळे न उघडताच सांगायचे, “बारीक रेतीवानी लागतंय. तपकिरी हाय.” किंवा, “शेंबडावानी सुटतंय सर, हिरवं हाय ह्ये.” प्रयोगशाळेत येऊन मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचो, तर रेतीसारखं लागलेलं ते खरोखर काचेच्या कवचातलं तपकिरी शेवाळ निघायचं. मला दोन तास लागायचे, त्यांना एक अंगठा.

माझ्या संशोधनाचा विषयच तो होता. सपाट रानातल्या ओढ्यांत ज्या पाणवनस्पती उगवतात, त्यांच्या दांड्यांवर आणि पानांवर वाढणारं शेवाळ. दगडावरचं नव्हे, पाण्यावर तरंगणारं नव्हे; दुसऱ्याच्या अंगावर बिऱ्हाड करून राहणारं. आमच्या गावाकडच्या नातेवाइकांना ते सांगणं अवघड जायचं. “शेवाळावर शिकून नोकरी लागती का रे?” असं एक काका दर लग्नात विचारायचे. बाटलीमामांना मात्र विषय पहिल्या दिवशीच कळला. ते धनगराच्या घरातले. लहानपण मेंढरांमागे ओढ्याओढ्यांनी गेलेलं. “मेंढरू कुठं पाणी पेतं आन् कुठं तोंड फिरवतं, ते बघत मोठा झालो मी,” म्हणायचे. “तवा नावं म्हाईत नव्हती. आता तुमच्यामुळं नावं कळायली.”

बाटलीमामा हे नाव ऐकून नवा माणूस भलताच अर्थ काढायचा. कँटीनवाला तर रोज हटकायचा, “काय बाटलीमामा, आज किती मारल्या?”

“बारा,” मामा गंभीरपणे सांगायचे. “समद्या पडेगावच्या ओढ्याच्या.”

आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नाही. नाव पडलं ते नमुन्यांच्या बाटल्यांवरून. ओढ्यावरून आणलेला दांडा ट्रेमध्ये धरायचा, अंगावरचं शेवाळ ब्रशने सोडवायचं, धुऊन बाटलीत घ्यायचं, वर फॉर्मॅलिन घालायचं. हे काम कितीतरी जण करतात. मामांसारखं करताना मी कुणाला पाहिलं नाही. दात घासायचा साधा ब्रश त्यांना चालायचा नाही. “दांड्याची साल निघती त्यानं. मग तुम्ही शेवाळ मोजणार का साल?” म्हणून ते गुलमंडीतल्या एका जनरल स्टोअरमधून लहान मुलांचे मऊ ब्रश डझनाने आणायचे. एकदा मी बरोबर होतो. दुकानदार ब्रश मोजता मोजता हसून म्हणाला, “मामू, आखिर घर में बच्चे हैं कितने?”

“बहोत हैं,” मामा म्हणाले. “दिखते नहीं, पर हैं.”

नमुना घेण्याची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी मला हाताला धरून शिकवली. दांडा कापायचा तो पाण्याखाली, आणि पिशवीतही घालायचा तो पाण्याखालीच. पहिल्या फेरीत मी लव्हाळ्याचा झुबका उपटून ऐटीत वर काढला, तर पाण्याची धार आणि तिच्याबरोबर निम्मं शेवाळ ओढ्यात परत गेलं. मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “झालं. निम्मी वस्ती उठवली तुम्ही. आता उरलेल्यांना इचारून पुस्तक लिव्हा.” दुसऱ्यांदा मी कोवळी, हिरवीगार पानं निवडली. ते हसले. “कवळ्या पानावर कोण ऱ्हातं सर? आत्ता कुठं आलंय ते. जुनं पान घ्या. कडा झडलेलं, मळकं. सगळा गाव त्याच्या अंगावर हाय.” आजही वर्गात हे शिकवताना मी त्यांचंच वाक्य वापरतो. विद्यार्थी वहीत लिहून घेतात. कुणाचं वाक्य, ते मी सांगत नाही.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे चिठ्ठी. बाटलीत नमुना पडला की मामा शर्टाच्या खिशातून बोटभर पेन्सिल काढायचे. जाड कागदाच्या तुकड्यावर ओढा, झाड, तारीख लिहायची आणि ती चिठ्ठी बाटलीच्या आत, फॉर्मॅलिनमध्ये सोडायची. बाहेरचं नाव निघून जातं, शाई विरघळते, पेन्सिलीचं अक्षर वर्षानुवर्षं तसंच राहतं. शिक्षण सातवीपर्यंतचं, अक्षर मात्र टपोरं. कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बाटल्या होत्या, धुळीने आंधळ्या झालेल्या. त्यातली कुठलीही उघडावी, आत मामांच्या अक्षरात तिचं नाव असायचंच. “माझ्या हातची एक बाटली बिननावाची निघाली तर नोकरी सोडून मेंढरामागं जाईन,” असं ते म्हणायचे. माणसं जमिनीचा, पोरांचा अभिमान धरतात. मामांचा अभिमान एवढाच होता.

मी तो घालवला.

संशोधनाचं तिसरं वर्ष होतं. दोन ओढे मी निवडले होते. एक पडेगावच्या पुढचा, मुरमाड जमिनीतून खळाळत येणारा. दुसरा बिडकीनच्या अलीकडचा, काळ्या रानातला, संथ. पावसाळा सरल्यावरच्या हंगामाचे नमुने सगळ्यात महत्त्वाचे. मामा आणि मी दोन दिवस दोन ओढ्यांत उभे राहिलो आणि आठ-आठ मिळून सोळा बाटल्या आणल्या. त्याच सुमारास बाहेरचे एक तज्ज्ञ माझं काम बघायला येणार होते. मला सगळं नीटनेटकं, शहरी दिसायला हवं होतं. ‘कधीही न पुसलं जाणारं’ असं वर छापलेलं एक काळं मार्कर पेन मी विकत आणलं आणि काचेवर इंग्रजी अक्षरांत सुबक नावं घातली. मामांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या काढल्या. मी म्हणालो, “मामा, या बाटल्यांत चिठ्ठ्या नका घालू. काचेतून घाण दिसतात.”

त्यांचा हात थांबला. “आत चिठ्ठी नाय म्हंजे उघड्यावर सोडल्यावानी होतंय, सर.”

“पेन आहे ना. न पुसणारं आहे.”

“न पुसणारं,” ते म्हणाले. मग सोळा चिठ्ठ्या तशाच खिशात ठेवल्या. मी शिकलेला होतो आणि ते शिपाई होते. एवढंच कारण.

तज्ज्ञ यायच्या आदल्या दिवशी मामा भाच्याच्या लग्नासाठी रजेवर होते. बाटल्यांवर तेलकट बोटांचे ठसे दिसत होते. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि एकेक बाटली लख्ख पुसून उन्हाकडे तोंड करून ओळीने मांडली. शेवटच्या बाटलीला माझं लक्ष बोळ्याकडे गेलं. तो काळा झाला होता. मागं वळून बघितलं तर सगळ्या बाटल्या कोऱ्या. नावं पुसून झाली होती. पुसता पुसता मी त्यांचा क्रमही मोडला होता. त्यावरूनही काही पत्ता लागेना. वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाला स्पिरिटने मार्कर पुसला जातो हे सुचू नये, यावर दुसरा कुणी विश्वास ठेवणार नाही. मी तिथे होतो, म्हणून मला ठेवावा लागतो.

त्या दुपारी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर हजारदा केला. मोठे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, भयंकर कडक. आधीच्या एका चुकीवर त्यांनी बजावलं होतं, “आणखी एक घोटाळा झाला तर विषय बंद.” माझी कायम नेमणूक पदवीवर अडकलेली होती. सोळा बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला वेळ नव्हता; मी अंदाजाने सोळा नावं पुन्हा लिहिली. तज्ज्ञ आले, चहा प्यायले, छान म्हणाले आणि गेले. पंधरा दिवसांनी मोठ्या सरांनी त्यातल्या दोन बाटल्या स्वतः तपासायला घेतल्या.

“बिडकीनच्या बाटलीत पडेगावचं शेवाळ कसं आलं?” त्यांनी विचारलं. आवाज वर चढलेला नव्हता, तेच वाईट. “ही जात संथ पाण्यातली नव्हेच. कुणी भरल्या या?”

आमच्याकडे बाटली भरून ती कुठली ते सांगणं हे शिपायाचं काम असा रिवाज होता; काचेवर मी लिहिलेली नावं मामांच्याच सांगण्यावरून असणार, हे सरांनी गृहीत धरलं. सरांनी मामांना हाक मारली. मामा दारातून आत आले, बाटल्यांकडे बघितलं आणि निर्धास्तपणे म्हणाले, “सर, माझ्या हातची बाटली आसंल तर आत चिठ्ठी आसंल. काढून बघा.” बोलून झालं आणि त्यांना आठवलं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

सरांनी चिमट्याने बाटली ढवळली. दुसरी ढवळली. मग ओळीतली तिसरी, चौथी.

“कुठाय चिठ्ठी?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात शिक्षक एखाद्या मुलाचं उत्तर येईल म्हणून थांबतो, तसे ते थांबले. मी खाली टेबलाकडे बघत होतो. टेबलावर शाईचा एक डाग होता, त्याचा आकार मला आजही कागदावर काढून दाखवता येईल. मग मामा म्हणाले, “चिठ्ठी नाय त्यात.”

“वीस वर्षं झाली तुम्हाला इथे,” मोठे सर म्हणाले. “एका पोराच्या तीन वर्षांच्या कामाची माती केलीत.”

त्या आठवड्यात मामांची बदली प्रयोगशाळेतून खाली, घंटेवर झाली. तासाच्या घंटा द्यायच्या, वर्गांना कुलपं लावायची, मस्टर इकडून तिकडे न्यायचं. ओढ्यावर जायचा संबंध संपला. मला वाटतं, माणसाला शिक्षा कुठली लागते हे शिक्षा देणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. सरांना वाटलं, काम हलकं केलं. कँटीनवाला मात्र ओरडला, “काय मामा, बाटली सुटली म्हणे!” सगळे हसले. मामाही हसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कँटीनमध्ये यायचं सोडलं.

इथवर मी भित्रा होतो. यापुढे काय होतो ते तुम्ही ठरवा.

त्या सोळा बाटल्यांशिवाय माझा प्रबंध लंगडा होता. महिनाभराने एका शनिवारी, मधल्या सुट्टीत, मी खाली घंटेपाशी गेलो. मामा पायरीवर बसून भाकरी खात होते. मी विचारलं, “मामा, त्या बाटल्या कुठल्या कुठल्या, ते तुम्हाला ओळखता येईल का?”

ते थोडा वेळ चावत राहिले. मग हात धुतले, रुमालाला पुसले आणि जिना चढून आले. प्रयोगशाळेच्या उंबऱ्यात मात्र क्षणभर थांबले, परक्या घरात थांबावं तसे. एकेक बाटली त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, तळाशी बसणारा गाळ बघितला. “ही काळ्या रानातली. ही मुरमाची, बघा तांबूस बसती. ही काळी. ह्या दांड्याला धागं लई होतं, आठवतंय? तुमच्या पायाला गुंडाळलं होतं.” वीस मिनिटांत आठ इकडे, आठ तिकडे. झाडांची नावंसुद्धा सांगितली. मी नंतर प्रत्येक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली पडताळली. एकही चुकलेली नव्हती.

जाताना मी कसंबसं विचारलं, “त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलताल म्हणून थांबलो व्हतो,” ते म्हणाले. घंटेची वेळ झाली होती. ते खाली गेले आणि त्यांनी टोल दिला.

नमुन्यांची खात्री पुन्हा करून घेतली, असं मी मोठ्या सरांना सांगितलं. कुणी करून दिली ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. प्रबंध पूर्ण झाला. ऋणनिर्देशाच्या दोन पानांत मी सरांचे, आईवडिलांचे, होणाऱ्या सासऱ्यांचे, टंकलेखकाचे आणि ग्रंथालयाच्या कर्मचारी वर्गाचे आभार मानले. मामांचं नाव मी एकदा लिहिलं होतं. मग वाटलं, कुणी विचारेल, ज्याने घोटाळा केला त्याचे आभार कसले? आणि ती ओळ खोडली.

पुढची तेरा वर्षं आम्ही एकाच इमारतीत होतो. रोज भेटायचो. “कसंय मामा?” “बरंय सर.” त्यांनी कधी टोमणा मारला नाही, कधी कुणापाशी बोलले नाहीत. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. पावसाळ्यानंतर एखाद दिवशी मी विद्यार्थ्यांना घेऊन ओढ्याला निघालो की ते फाटकाशी उभे असायचे. एकदा न राहवून म्हणाले, “जुनी पानं घ्यायला सांगा पोरांना.” गाडीत जागा होती. मी त्यांना चला म्हणालो नाही. त्यांना घेतलं असतं तर मला त्यांच्या शेजारी बसावं लागलं असतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला. विभागातर्फे मलाच बोलायला सांगितलं. मी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. घंटा कधी एक मिनिटही चुकली नाही, असं म्हणालो. टाळ्या झाल्या. मामांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उठले, शाल सावरली आणि म्हणाले, “घंटा काय, कुणीबी वाजवतंय.” लोकांना तो विनय वाटला.

गेल्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी तिसऱ्या दिवशी बिडकीनच्या बाजूला त्यांच्या घरी गेलो. मामी आधीच गेलेल्या. मुलगी सुमन शेवटची काही वर्षं त्यांना सांभाळत होती. पत्र्याच्या सावलीत तिने मला खुर्ची दिली, चहा ठेवला. साखरेचा डबा उघडला तर तिने आतून आधी कागदाचा एक तुकडा बाहेर काढून बाजूला ठेवला, मग चमचा घातला. मी बघतोय हे पाहून ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

“आबांचं काम ह्ये. घरातल्या समद्या डब्यात चिठ्ठ्या. हळद, तुरीची डाळ, मीठ. आहो, मीठ काय वळखू येत नाय का? दोनदा डाळीत चिठ्ठी शिजली माझ्या. लई भांडले मी. तर म्हणायचे, आसू दे गं, मागनं कुणी माणूस खोटा पडू नये.”

मी कप खाली ठेवला.

“शेवटी शेवटी त्यांना काही ध्यानात ऱ्हायचं नाय, सर. माझं नाव इसरायचे. जेवले का नाय ते इसरायचे. पण एवढं एकच धरून बसले व्हते. सोळा बाटल्या, सोळा बाटल्या. आधी म्हणायचे, मी चिठ्ठी टाकीत व्हतो, टाकल्याबिगर ऱ्हातच नव्हतो. मग मागच्या दिवाळीपासनं म्हणायला लागले, मीच इसरलो असंल सुमे. माझ्यामुळं त्या पोराचं नुकसान झालं. रडायचे हो.” तिने पदराने डोळे पुसले. “कोण पोरगं, काय, आम्हाला काय म्हाईत. तुम्हाला ठावं आसंल. तुम्ही तर त्यांच्यासंगंच व्हते ना? इसरले व्हते का हो ते?”

चिठ्ठ्या का नव्हत्या ते कारण त्यांच्या डोक्यातून निघून गेलं होतं, लाज तेवढी शिल्लक राहिली होती. आणि ती माझी होती.

तिने सरळ विचारलं होतं. तिथे मोठे सर नव्हते, नेमणूक नव्हती, हातचं जायला काहीच नव्हतं. मी म्हणालो, “फार जुनी गोष्ट आहे ती, सुमन. मामा फार चांगले होते.” ती बघत राहिली, त्यांच्यासारखीच, उत्तर येईल म्हणून. मग तिने कप उचलला.

येताना मी गाडी ओढ्यापाशी थांबवली, बूट काढले आणि पाण्यात उतरलो. पाणकणसाच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. डोळेही मिटून पाहिले. मला फक्त बुळबुळीत लागलं.

त्या गोष्टीला आता दहा महिने झाले. प्रबंधाची प्रत मागवून ऋणनिर्देशात काही जोडता येतं का, याची मी चौकशी केली. जोडता येत नाही म्हणाले. विभागात त्यांच्या नावाने काही करावं असंही मनात येतं. पण ते सगळं माझ्या समाधानासाठी, हे मला कळतं. खरं देणं वेगळं आहे आणि ते लहान आहे. सुमनच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, तिने विचारलं त्याचं उत्तर द्यायचं आहे: तुझे वडील विसरले नव्हते, चिठ्ठ्या घालू नका असं मी सांगितलं होतं, आणि मग मी गप्प बसलो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.